फाइलची परीक्षा वळणावर

दाढेचं मूळ क्वचितच सरळ असतं. खालच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळातल्या बारीक नलिका तर टोकाकडे हमखास वळतात. रूट कॅनॉल करताना नलिका फाइल नावाच्या बारीक हत्याराने आतून घासून रुंद करावी लागते आणि खरी अडचण येते ती याच वळणावर. स्टेनलेस स्टीलची जाड फाइल ताठ असते. वळणात शिरली की ती सरळ होऊ पाहते, टोकाशी बाहेरची भिंत जास्त खाते आणि नलिकेची मूळ वाट सुटते. कधी भिंतीत पायरी पडते, कधी मुळाला भोक.

१९८८ मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन या संशोधकांनी वेडेवाकडे दात सरळ करायच्या निकेल-टायटॅनियम तारेपासून फाइल घडवली. ती स्टीलपेक्षा दोन ते तीन पट लवचीक निघाली. ताण पडला की या मिश्रधातूतली अणूंची मांडणी बदलते आणि ताण सुटला की पूर्ववत होते. त्यामुळे वळणदार नलिकेतही मोटरवर फाइल फिरवणं शक्य झालं.

आज अशा फाइल अनेक आहेत. त्यांची तुलना करताना काढलेल्या दातांचं मायक्रो-सीटी स्कॅन फाइल फिरवण्याआधी आणि नंतर घेतात. वळणाच्या आतल्या व बाहेरच्या बाजूची भिंत किती झिजली, हे मोजतात. दोन्हीकडे झीज सारखी, तर फाइल मध्यावर राहिली.

प्रोटेपर युनिव्हर्सल आणि प्रोटेपर गोल्ड या दोन फाइलींचा आकार एकच. गोल्डवर उष्णतेची प्रक्रिया केलेली असल्याने ती अधिक लवचीक असते आणि वळणात फिरताना थकून तुटायला जास्त वेळ घेते. वेव्हवन ही फाइल वेगळी युक्ती वापरते. ती १७० अंश कापत जाते, ५० अंश मागे येते. त्यामुळे अडकून पिळवटण्याचा धोका कमी होतो.

मात्र २००१ मध्ये पीटर्स आणि सहकाऱ्यांनी वरच्या दाढांवर केलेल्या तुलनेत कोणतंही तंत्र वापरलं, तरी नलिकेच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून अधिक भाग अस्पर्शच राहिला. तिथले जीवाणू मारायचं काम सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचं. म्हणून उत्तम फाइल म्हणजे जास्त कापणारी नव्हे. नलिकेची वाट न मोडता द्रावण टोकापर्यंत पोहोचू देणारी आणि दाताची निरोगी भिंत राखणारी, तीच उत्तम.