कूचा चौधरीच्या बाजारातून दिल्लीच्या धुक्यात

चांदनी चौकालगतच्या कूचा चौधरी या कॅमेऱ्यांच्या बाजारात खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा निवडताना मेगापिक्सेलपेक्षा सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, आकार आधी विचारावा. कारण बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत तो सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटर असतो, तर २०१२ साली आलेल्या सोनी आरएक्स १०० मध्ये १३.२ × ८.८ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट असल्याने, सांजवेळच्या अपुऱ्या उजेडातही चित्रात दाणे कमी दिसतात. वापरलेला कॅमेरा घेताना झूम पूर्ण ताणून कोऱ्या कागदाचे छायाचित्र काढावे, कारण आत-बाहेर सरकणाऱ्या भिंगाबरोबर धूळ शिरते आणि तिचे करडे ठिपके अशा चित्रात लगेच उघडे पडतात.

जानेवारीतल्या दाट धुक्यात कुतुबमिनार टिपताना कॅमेरा समोरचा पांढुरकेपणा सरासरी राखाडी धरून चित्र काळवंडवतो, म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, अर्थात प्रकाशाचे प्रमाण हाताने कमी-जास्त करण्याची सोय, +०.७ ते +१ वर न्यावी. घरी परतल्यावर मात्र कॅमेरा बंद पिशवीतच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, एरवी थंड भिंगावर दव धरते.