नियम लिहिलात, कारण लिहिलंत का?

पायथॉनमध्ये कोड कसा लिहायचा याचे नियम बहुतेक टीमकडे असतात. एकदा उत्साहाने लिहिले जातात आणि मग ती फाइल कुणी उघडत नाही. आज बोलायचंय ते या शिळ्या होत जाणाऱ्या नियमांबद्दल.

आमच्याच टीमचं उदाहरण देतो. नियम होता: वेळ यूटीसीमध्ये ठेवा, त्यासाठी 'यूटीसीनाऊ' वापरा. पण हे फंक्शन जी वेळ देतं, तिच्यावर टाइमझोनचा शिक्का नसतो. तिचा टाइमस्टॅम्प काढायला गेलात की पायथॉन तिला त्या मशीनची स्थानिक वेळ समजतो. सर्व्हर यूटीसीवर होता तोवर काही बिघडलं नाही. तोच कोड भारतीय वेळेच्या मशीनवर चालवला, तेव्हा नोंदी साडेपाच तास मागे पडल्या. नवीन आलेल्या मुलीने नियम तंतोतंत पाळला होता. चूक तिची नव्हती, नियमाची होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथॉन ३.१२ पासून हे फंक्शन वापरलं की इशारा मिळतो. आमच्या फाइलमध्ये मात्र ते तसंच होतं.

मग करायचं काय?

पहिलं, प्रत्येक नियमापुढे कारण लिहा. 'सगळीकडची वेळ एकाच मापात हवी' हे कारण आजही खरं आहे, बदलली ती फक्त पद्धत. आता 'नाऊ'ला टाइमझोन द्यायचा. कारण लिहिलेलं असलं, की काय ठेवायचं आणि काय काढायचं ते कळतं.

दुसरं, नियम कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते लिहा. टाइप हिंटसाठी पूर्वी 'टायपिंग' मॉड्यूलमधून 'लिस्ट' आणावी लागे, ३.९ पासून साधी 'लिस्ट' चालते. पण तुमचं एखादं मशीन अजून ३.८ वर असेल, तर जुना नियम घाईने पुसू नका.

तिसरं, मोकळ्या जागा, ओळीची लांबी असले वाद ब्लॅक किंवा रफसारख्या टूलवर सोपवा. माणसांनी वाचायची यादी तेवढी लहान होते.

नियम बदलण्यात कमीपणा नाही. पायथॉनची अधिकृत शैली सांगणारं पेप ८ हे २००१ सालचं. लांब गणिती ओळ चिन्हाच्या आधी तोडायची की नंतर, यावरचा त्याचा सल्ला २०१६ मध्ये बदलला.

पायथॉनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते. त्याच सुमारास सगळ्यांनी मिळून ती फाइल उघडा. ज्या नियमाचं कारण कुणालाच सांगता येत नाही, त्याच्यापासून सुरुवात करा.