अंगोरा मांजर : केसांपेक्षा कागद पाहा

पैसे मोजून मांजराचे पिल्लू घेणारी घरे आता नाशिकमध्येही आहेत. लांब केसांचे पिल्लू दिसले की त्याला 'पर्शियन' म्हणायचे आणि ते पांढरे असले की 'टर्किश' म्हणून भाव चढवायचा, असा प्रकार या धंद्यात चालतो. ग्राहक फसू नये आणि प्रामाणिक विक्रेत्याचे नावही खराब होऊ नये, म्हणून अंगोरा जातीची माहिती येथे देत आहोत.

अंगोरा हे तुर्कस्तानातील अंकारा शहराचे जुने नाव. अंगोरा शेळीही तिकडचीच. राहुरीच्या कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीशी तिचा संकर करून लोकरीचे प्रयोग झाले, हे आपल्याकडील शेळीपालकांना ठाऊक असेल. अंगोरा मांजरे काही शतकांपूर्वीच युरोपात पोहोचली. पुढे तेथे दाट केसांच्या पर्शियनची आवड वाढली आणि त्यांच्याशी संकर होत होत अस्सल अंगोरा जवळजवळ नाहीसे झाले. अंकाराच्या प्राणिसंग्रहालयाने मात्र पांढरी अंगोरा मांजरे जतन केली. १९६२ मध्ये ग्रँट नावाच्या अमेरिकन दाम्पत्याने तेथून एक जोडी नेली आणि अमेरिकेत या जातीची पैदास सुरू झाली. पुढे पांढऱ्याखेरीज इतर रंगांनाही मान्यता मिळाली. म्हणजे पांढरा रंग ही काही अस्सलपणाची खूण नव्हे.

मग खूण कोणती? अंग सडपातळ, डोके पाचरीसारखे, कान मोठे व उभे, शेपूट झुपकेदार. केस मध्यम लांब आणि रेशमी असतात. आतला लोकरीसारखा थर जवळजवळ नसल्याने गुंता कमी होतो. आठवड्यातून एकदोनदा विंचरले तरी भागते, पर्शियनला मात्र रोज विंचरावे लागते. चपट्या तोंडाच्या पर्शियनला उन्हाळ्यात श्वासाचा त्रास होतो. अंगोराचे नाक तसे दबलेले नसल्याने नाशिकचा एप्रिल-मे त्याला तुलनेने सुसह्य जातो. सावली आणि पाणी हवेच. स्वभाव चपळ, उंच जागी चढण्याचा आणि माणसांत रमण्याचा. एका जागी गप्प बसणारे मांजर हवे असणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

निळे डोळे ग्राहकाला भुरळ घालतात. परंतु निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत जन्मजात बहिरेपण बरेच आढळते. पिल्लाच्या पाठीमागे उभे राहून टाळी वाजवून पाहावी. बहिरे पिल्लू घरात चांगले वाढते, पण त्याला रस्त्यावर सोडता येत नाही. विक्रेत्याने हे आधीच सांगितले पाहिजे.

जातिवंत म्हणून भाव मागणाऱ्याकडे आईबापांची नावे आणि नोंदणी क्रमांक असलेली वंशावळ मागावी. ती नसेल तर लांब केसांचे साधे मांजर समजून भाव ठरवावा. २०१८ च्या केंद्रीय नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे व्हावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. आईपासून लवकर तोडलेले पिल्लू दगावण्याची भीती असते. तेव्हा पिल्लाचे वय आणि लसीची नोंद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे आम्ही सुचवतो.