बैठकीचा कोन

दुकानातल्या गालिच्यावर ठेवलेल्या कयाकमध्ये बसून सीट पसंत करणारा माणूस बहुतेक वेळा मऊ सीटच पसंत करतो. जाड फोम, गुबगुबीत बैठक, पाठीला उंच टेकू. पाच मिनिटं बसतो, खूश होतो, घेऊन जातो. पाण्यावर पहिला तासभरही बरा जातो. मग कंबर बोलायला लागते, एक पाय बधिर होतो, आणि दुपारी किनाऱ्याला लागल्यावर त्याला कयाकमधून सरळ उठता येत नाही. आधी कुशीवर कलंडायचं, मग गुडघ्यावर यायचं, मग उभं राहायचं. टेक्सासमध्ये गॅल्व्हस्टनच्या खाडीवर अशी माणसं नेहमी दिसतात. तिथल्या एका दुकानाच्या मागच्या शेडमध्ये मी मासेमारीच्या कयाकची कामं करतो. मोडकी सुकाणू, फुटलेले तळ येतातच, पण सीटच्या कामांना खंड नसतो.

येणारा प्रत्येक जण तीच मागणी करतो: यावर अजून एक गादी बसवून द्या. गादीने हे दुखणं क्वचितच जातं, हे त्याला पटवणं सीट बसवण्यापेक्षा अवघड असतं.

म्हणून शेडमध्ये एक पद्धत पडली आहे. त्याची कयाक फोमच्या ठोकळ्यांवर ठेवायची, त्याला आत बसवायचं आणि माशांचा विषय काढायचा. रेडफिश कुठे लागतायत, भरतीला की ओहोटीला, जिवंत कोळंबी लावता की नकली आमिष. मासेमार बोलायला लागला की तो कसा बसलाय हे विसरतो, आणि आम्हाला तेच हवं असतं. त्याच्या पाठीकडे कोणी बघत नाही, सगळे पायांकडे बघतो. पाय ताठ पसरलेले आहेत का? टाचा फूट पेगवर, म्हणजे पावलं टेकवायच्या खुंट्यांवर, जोर देतायत का? दहा-पंधरा मिनिटांत ढुंगण पुढे सरकतं, कंबर गोल होते, खांदे पडतात. मग फूट पेग दोन खाचा अलीकडे घ्यायचे, म्हणजे गुडघे किंचित वाकतात आणि पावलांना नुसता आधार मिळतो. कित्येकांचं काम इथेच संपतं. पैसे लागत नाहीत, आणि त्यामुळेच त्यांचा त्यावर विश्वास बसत नाही.

दुखण्याचं कारण सीटमध्ये नसतं, मांडीमागच्या स्नायूंत असतं. हे स्नायू गुडघ्याखालून निघून थेट ओटीपोटाच्या मागच्या हाडाला जोडलेले असतात. पाय सरळ पसरले की ते ताणले जातात आणि ओटीपोट मागे खेचतात, आणि कमरेचा नैसर्गिक आतला बाक सपाट होतो. अमेरिकेतल्या ओमाहा शहरातले डॉक्टर जे. जे. कीगन यांनी निरनिराळ्या स्थितींत माणसांच्या कण्याचे एक्स-रे काढून १९५३ साली हे छापलं होतं. धड आणि मांडी यांच्यात साधारण १३५ अंशांचा कोन असताना कमरेचा बाक सगळ्यात स्वाभाविक राहतो, असं त्यांना दिसलं. कयाकच्या खालच्या सीटमध्ये हा कोन जेमतेम ९० अंश असतो, आणि वर गुडघे सरळ. पुढे स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला. उभ्या माणसाचा दाब १०० धरला तर टेकूशिवाय बसलेल्याचा १४०, पुढे वाकून बसलेल्याचा १८५ असे त्यांचे आकडे प्रसिद्ध आहेत. नंतरच्या मापनांत उभं राहणं आणि सैल बसणं यांतला फरक इतका दिसला नाही, पण वाकून बसण्याचा भार मात्र खराच ठरला. आणि मासेमार वाकतोच. गाठ मारायला वाकतो, मासा सोडवायला वाकतो, पायांमधल्या डब्यातून गळ शोधायला वाकतो.

एकदा पाठीच्या दुखण्याने आलेली एक बाई स्वतःच फिजिओथेरपिस्ट निघाली. ठोकळ्यांवरच्या कयाकमध्ये नवऱ्याला बसवून ती बघत राहिली आणि म्हणाली की सायटिकाच्या नसेवर ताण आहे का हे तपासायला ती रुग्णाला अगदी अशीच स्थिती देते: पाठ गोल, मान खाली, पाय सरळ. त्या तपासणीला स्लम्प टेस्ट म्हणतात. रुग्णाला त्या स्थितीत जेमतेम काही क्षण ठेवतात. कयाकमध्ये माणूस सकाळपासून दुपारपर्यंत तसाच असतो. पाय बधिर का होतो, हे मला इतक्या थोडक्यात तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

मराठी माणसाला हे सगळं दोन शब्दांत सांगता येतं: कयाकची खालची सीट म्हणजे दंडासन. ह्यूस्टनहून एक निवृत्त इंजिनिअर काका यायचे, गाडीच्या टपावर कयाक बांधून, सोबत काकू. काकांनी सीटवर जेलची गादी घातली होती, तिच्यावर स्टेडियममध्ये नेतात तसली उशी, आणि तरी कंबर धरून बसायचे. काकूंनी पुण्यात बरीच वर्षं अय्यंगारांच्या पद्धतीचा योग केला होता. त्या एकदा शेडमध्ये आल्या, काकांना बसलेलं बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, हे दंडासन आहे. वर्गात आम्हाला जमायचं नाही तेव्हा बैठकीखाली ब्लँकेटची घडी द्यायचे. पाठीला उशी कशाला लावताय? खाली द्या घडी, आणि मागच्या बाजूला जाड, पुढे पातळ." बी. के. एस. अय्यंगारांनी ब्लँकेट, लाकडी ठोकळे, पट्टे यांचा जो वापर रूढ केला, त्यातलाच हा साधा भाग. त्या दिवशी आम्ही ईव्हीए फोमचा पाचरीच्या आकाराचा तुकडा कापला, मागे दोन इंच, पुढे अर्धा इंच. वरच्या दोन्ही गाद्या काढून टाकल्या. काका उठताना पहिल्यांदा कोणाचा हात न धरता उठले. तेव्हापासून शेडमध्ये ती पाचर सगळ्यात जास्त कापली जाते, आणि तिचं श्रेय काकूंचं आहे हे मी प्रत्येकाला सांगतो.

मुळात मासेमारीच्या कयाकमध्ये सीट आली कशी, ही गोष्ट कॅलिफोर्नियातल्या मालिबूच्या किनाऱ्यावर सुरू होते. टिम निमायर नावाच्या तरुणाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सर्फबोर्डमध्ये बसायला आणि बुडी मारायचं सामान ठेवायला खळगे कोरले. त्यातून वर बसायची कयाक आणि ओशन कयाक ही कंपनी जन्माला आली. तिथे सीट म्हणजे एक खळगा होता, बस्स. पाण्यात उतरायचं, परत चढायचं, तळाच्या आरपार छिद्रांतून पाणी निघून जायचं. इतक्या उपयोगाला खळगा पुरेसा होता. मासेमारांनी मात्र त्याच खळग्यात दिवस काढायला सुरुवात केली. मग त्यावर पट्ट्यांनी बांधायचा टेकू आला. चार पट्टे, चार पितळी हूक, मध्ये फोम. आजही स्वस्त कयाकमध्ये हेच मिळतं. त्यातली मागच्या पट्ट्यांची जागा चुकली तर टेकू कमरेत लागण्याऐवजी बरगड्यांत रुततो. पॅड-आय, म्हणजे पट्टा अडकवायची कडी, तीन-चार इंच मागे नेऊन बसवली की तीच सीट वेगळी वाटते.

उंच सीट कंपन्यांच्या आधी लोकांनी बनवली, असं माझं ठाम मत आहे. अंगणात मांडायच्या घडीच्या ॲल्युमिनियम खुर्चीचे पाय करवतीने कापायचे, खुर्ची कयाकमध्ये ठेवायची, बंजी दोरीने बांधायची. रिफायनरीत पाइप फिटर असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची अशी खुर्ची आमच्या शेडमध्ये अजून टांगलेली आहे. कापलेल्या पायांना त्यांनी इतक्या नीट टोप्या बसवल्या होत्या की कयाकला एक ओरखडा नव्हता. पुढे जॅक्सन कयाकच्या कूसासारख्या मॉडेलमध्ये, म्हणजे २०१० च्या सुमारास, चौकटीवर ताणलेल्या जाळीची आणि दोन उंचींवर बसणारी सीट कारखान्यातूनच येऊ लागली. इतरांनीही तीच वाट धरली. जाळीचे दोन मोठे गुण आहेत. पाणी साचत नाही, आणि घामाने किंवा खाऱ्या पाण्याने कातडी सोलवटत नाही. उघड्या पेशींचा फोम स्पंजासारखा पाणी पितो, वाळतो तेव्हा आत मीठ उरतं, आणि ते मीठ दिवसभर घासत राहतं.

मासेमाराला उंची हवी असते ती फक्त पाठीसाठी नाही. उथळ पाण्यात रेडफिश चिखलात तोंड खुपसून खातो तेव्हा त्याची शेपटी वर दिसते. सहा इंच उंच बसलेल्या माणसाला ती कितीतरी आधी दिसते.

पण उंचीची किंमत असते. माणूस ८० किलोचा आणि कयाक ३५ किलोची धरली, तर सीट सहा इंच उचलल्यावर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य चार इंचांहून थोडा जास्त वर जातो, कारण वजन मुख्यतः माणसाचंच असतं. ही उणीव रुंदी भरून काढते. तरंगत्या तळाची उलटायला विरोध करण्याची ताकद रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लांबी तीच ठेवून २८ इंचांची कयाक ३४ इंचांची केली तर ती ताकद जवळजवळ १.८ पट होते. म्हणून रुंद कयाकला उंच सीट शोभते, आणि लांब, अरुंद, वेगाने जाणाऱ्या कयाकमध्ये तीच सीट धोक्याची ठरते. अरुंद कयाकवाला उंच सीट मागायला आला की आम्ही नाही म्हणतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. उंच बसल्यावर पॅडलही लांब लागतं, साधारण २४० ते २६० सेंटिमीटर. जुनं २२० चं पॅडल ठेवलं तर माणूस पाण्याकडे झुकत राहतो आणि कमरेचं दुखणं खांद्यात जाऊन बसतं.

बसवण्याच्या कामातली एक गोष्ट घरी प्रयोग करणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतो. कयाक पॉलिथिलीनची असते, आणि पॉलिथिलीनला साधा गोंद किंवा सिलिकॉन धरत नाही. रात्री चिकटवलेली पट्टी सकाळी बोटाने सोलून निघते. म्हणून छिद्र पाडावंच लागतं, आणि छिद्र नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर. आतून हात पोचत नसेल तिथे वेलनट वापरायचं. ते रबरी असतं, आत पितळी नट, आणि बोल्ट आवळला की रबर आतल्या बाजूने फुगून छिद्र बंद करतं. बोल्ट स्टेनलेसचाच हवा. खाडीच्या पाण्यात साधं लोखंड एका मोसमात गंजून जातं.

हवेच्या गाद्यांबद्दल मला विशेष आपुलकी आहे, ती त्यांच्या जन्मकथेमुळे. सिएटलमध्ये बोइंगमधून कमी केलेल्या इंजिनिअरांपैकी जिम ली बागकाम करताना फोमच्या उशीवर गुडघे टेकून बसले होते. गुडघा दाबला की उशीतून हवा निघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. ही हवा अडवली तर? त्यातून १९७२ साली थर्म-ए-रेस्ट ही आपोआप फुगणारी गादी निघाली. कयाकमध्ये अशी गादी वापरायची तर ती पूर्ण फुगवू नये. अर्धीच ठेवावी, बसल्यावर हाडं तळाला टेकणार नाहीत इतपत. पूर्ण फुगवली की माणूस तिच्यावर डुलतो, आणि टेक्सासच्या उन्हात आतली हवा प्रसरण पावून ती दुपारी अजून कडक होते. सकाळी सहाला बरोबर वाटलेली गादी अकराला थोडी सोडावी लागते. व्हॉल्व्ह हाताला लागेल असा पुढे ठेवा.

आणि लाइफ जॅकेट. मान दुखते म्हणून सीट बदलायला आलेल्या कितीतरी लोकांची सीट ठीक असते. त्यांच्या जॅकेटच्या पाठीचा जाड फोम उंच टेकूवर चढतो आणि डोकं पुढे ढकलतो. यातला खरा धोका मानेचा नाही. त्रास होतो म्हणून लोक जॅकेट काढून मागे ठेवतात. त्यामुळे कमरेच्या भागात नुसती जाळी आणि फोम वर खांद्यांपाशी अशा जॅकेटाचा आम्ही आग्रह धरतो. सीट आणि जॅकेट एकत्र घालून बसून बघितल्याशिवाय दोन्हीपैकी काहीही विकत घेऊ नये.

सीट बदललेली कयाक आम्ही तशीच हातात देत नाही. दुकानामागच्या कमरेएवढ्या पाण्यात मालकाला घेऊन जातो. जॅकेट अंगात, गळ आणि डबे किनाऱ्यावर. आधी नव्या उंचीवर बसून दोन्ही बाजूंना झुकायला सांगतो, कुठे भीती वाटते ते त्याचं त्याला कळावं म्हणून. मग मुद्दाम पडायला सांगतो. बरेच जण लाजतात, काही चिडतात. पडल्यावर पाय तळाला न टेकता, पोटावर घसरत कयाकवर परत चढायचं. चढता आलं तर सीट वरच्या खाचेत राहते. नाही आलं तर आम्ही तिथेच, पाण्यात उभं राहून, ती एक खाच खाली घेतो आणि त्याला पुन्हा पडायला सांगतो.