कारखान्याची इमारत : एकाची आणि अनेकांची

उधना स्थानकातून तापी खोऱ्याचा लोहमार्ग जळगावकडे वळतो आणि त्याच मार्गाने खानदेशातील कितीतरी कुटुंबे यंत्रमागांच्या कामासाठी येथे येऊन स्थिरावली. मागाचा खडखडाट त्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांच्या अगदी परिचयाचा. परंतु ज्या इमारतीत तो चालतो ती तशीच का बांधली, असे आम्ही वर्गात विचारले तेव्हा कोणासच उत्तर देता आले नाही. खरे सांगावयाचे तर आम्हांसही तेव्हा ते पुरते ठाऊक नव्हते.

मुंबईच्या जुन्या कापडगिरण्या पाहा. संपूर्ण वास्तू एकाच धन्याची. आत काय चालणार हे बांधणारास आरंभीच ठाऊक असे. सूतकताई मजल्यांवर चाले, कारण एका वाफेच्या इंजिनाची शक्ती दोरांनी व पट्ट्यांनी मजल्यामजल्यांवर नेणे सोयीचे पडे. माग मात्र जमिनीवर, करवतीच्या दात्यांसारख्या छपराखाली. धोटा फेकताना बसणारे हिसके जमिनीनेच सोसावेत हा एक हेतू. दुसरा हेतू प्रकाशाचा. दात्याची उभी बाजू काचेची असून तिचे तोंड उत्तरेस असे. त्यामुळे सुतावर प्रखर ऊन न पडता सौम्य उजेड येई. (भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी येथे आम्हांस अवश्य अडवावे! मुंबई काय आणि उधना काय, दोन्ही कर्कवृत्ताच्या दक्षिणेस. जून महिन्यात माध्यान्हीचा सूर्य येथे किंचित उत्तरेसच असतो. पण तोवर बहुधा ढग आलेले असतात.)

गाळ्यांच्या इमारतीची गोष्ट निराळी. आज तेथे शिलाईयंत्रे बसतील, उद्या छपाई, परवा एखादे अवजड यंत्र. भाडेकरू कोण हेच ठाऊक नाही, तर तक्तपोशी किती भक्कम करावी? भारतीय मानकांप्रमाणे राहत्या घराच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. हलक्या यंत्रांच्या कारखान्यास ५००, अवजड यंत्रांच्या कारखान्यास १०००. आमच्या कोकणीभाषक घरी माळ्यावर किती नारळ चढवावयाचे हे एकटी आजी ठरवीत असे. त्या माळ्यास चार मालक असते तर प्रत्येकाने आपल्यापुरतेच नारळ मोजले असते!

याचा परिणाम किती भयंकर होतो हे बांगलादेशात ढाक्याजवळील साभार येथे दिसले. राणा प्लाझा ही आठ मजली इमारत मुळात दुकाने व कचेऱ्या यांसाठी होती. वरचे मजले परवानगीवाचून चढविले गेले. त्यांवर कपड्यांचे कारखाने आणि थरथरणारी वीजजनित्रे आली. भिंतींस तडे गेलेले दिसताच खालची बँक व दुकाने बंद झाली, परंतु शिलाई कामगारांस दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. त्या दिवशी, २४ एप्रिल २०१३ रोजी, इमारत कोसळून अकराशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

दुसरा प्रश्न जिन्यांचा. एकाच मालकाच्या गिरणीत जिना कोणाचा असा वादच नसतो. गाळ्यांच्या इमारतीत मात्र तो सर्वांचा, म्हणून कोणाचाच नाही. आमच्या कायदेकर्त्यांच्या ध्यानी हे आले होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ९३ व्या कलमाने, मजले निरनिराळ्या कारखानदारांस भाड्याने दिलेले असता सामाईक जिने व वाटा, उद्वाहक आणि आगीपासूनचा बंदोबस्त यांची जबाबदारी जागेच्या मालकावर टाकली.

हा पाठ झाल्यावर आमचा एक विद्यार्थी वडिलांचा डबा घेऊन गाळ्यावर गेला आणि दुसऱ्या दिवशी सांगू लागला, "गुरुजी, जिने दोन आहेत, पण मागच्यावर कापडाचे तागे रचले आहेत." वडिलांस त्याने विचारले तर ते म्हणाले, "ते आपले नव्हेत रे, शेजारच्या गाळ्याचे." शेजारच्या गाळ्यात विचारले, तेथे उत्तर मिळाले की ते वरच्या मजल्याचे. वरच्या मजल्यावर जाण्यास मात्र त्यास वेळ नव्हता. शाळेची घंटा व्हायची होती.