'झिरो कमिशन'ची पाटी आणि तुमचे चार हजार रुपये

आजचा भाग पहिल्यांदाच परदेशी फिरायला निघालेल्यांसाठी. ऐकायला वेळ नसेल तर हे लिखित रूप आहेच.

विमानाचं तिकीट काढताना आपण चार ॲप उघडतो, पाचशे रुपये वाचवायला रात्री बारापर्यंत जागतो. परकीय चलन घ्यायची वेळ आली की मात्र समोर दिसेल त्या काउंटरवर जातो आणि तिथे चार हजार सोडून येतो. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, फायनान्सवाला नाही. पण हे गणित सातवीतलं आहे, त्यामुळे घाबरू नका.

माझा मावसभाऊ आणि त्याचे मित्र थायलंडला निघालेत. प्रत्येकाने वर्षभर पगारातून बाजूला काढलेले पैसे आहेत. त्यांच्यासाठी मी जी शीट बनवली, तीच आज तुम्हाला सांगतो. रेट हिशेबापुरते धरलेत, तुम्ही निघाल तेव्हा ताजे घ्या.

आधी मोजपट्टी

गूगलवर 'बाहत टू रुपी' टाकलं की जो भाव दिसतो, तो खरेदी आणि विक्रीच्या मधला भाव. त्या भावाने आपल्याला कुणी पैसे देत नाही, पण मोजायचं त्यावरूनच. समजा तो २.६० रुपये आहे. म्हणजे २०,००० बाहतचे 'खरे' ५२,००० रुपये.

आता दोन दुकानं बघा. पहिल्यावर मोठ्ठी पाटी, 'झिरो कमिशन', आणि भाव २.८०. एकूण ५६,०००. दुसरा १५० रुपये फी घेतो, पण भाव २.६८. एकूण ५३,७५०. फी घेणारा सव्वादोन हजारांनी स्वस्त पडला! पहिल्याने कमिशन सोडलेलं नाही, भावात लपवलंय.

म्हणून एकच सूत्र लक्षात ठेवा: खिशातून गेलेले एकूण रुपये भागिले हातात आलेलं चलन. दुकानदाराला "कमिशन किती?" विचारू नका. "२०,००० बाहतचे सगळं धरून किती रुपये द्यायचे?" असं विचारा. जीएसटीही त्यातच येऊ द्या. तीन ठिकाणी फोन करा, दहा मिनिटांचं काम आहे. शक्यतो कामाच्या दिवशी करा. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो, त्यामुळे दुकानदार सावध राहून भाव चढा ठेवतात.

थेट बाहत की आधी डॉलर?

दोनदा बदललं की दोनदा कापलं जातं, हे खरं. पण आपल्याकडे डॉलरची उलाढाल जास्त, बाहतची कमी, त्यामुळे बाहतच्या भावात दुकानदाराचं मार्जिन मोठं असतं. समजा डॉलर ८७ रुपयांना मिळाला आणि बँकॉकमध्ये एका डॉलरचे ३३ बाहत आले. ८७ भागिले ३३ म्हणजे २.६४. वरच्या दोन्ही दुकानांपेक्षा स्वस्त! मात्र डॉलरच्या नोटा शंभराच्या आणि कोऱ्या घ्या. तिथे लहान नोटांना भाव कमी देतात, फाटक्या-लिहिलेल्या नोटा घेतही नाहीत.

बदलायचे कुठे? सुवर्णभूमी विमानतळावर बाहेर पडताना दिसणारे काउंटर महाग असतात. खाली बेसमेंटमध्ये, एअरपोर्ट रेल लिंकच्या स्टेशनाजवळ छोटे बूथ आहेत, तिथे भाव बराच बरा मिळतो.

कार्ड आणि एटीएम

बऱ्याच भारतीय कार्डांवर परदेशी खर्चाला ३.५ टक्के मार्कअप असतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ४.१३ टक्के. १०,००० रुपयांच्या हॉटेल बिलावर ४१३ रुपये वर. मार्कअप नसलेली कार्डंही मिळतात, आपल्या कार्डाचं चार्जेसचं पान एकदा वाचाच. फॉरेक्स कार्ड घेत असाल तर ज्या देशात चाललात तेच चलन त्यात भरता येतं का ते बघा. डॉलर भरून बाहत खर्च केले की अनेक कार्डं वेगळा चार्ज लावतात.

आता सगळ्यात मोठा सापळा. मशीन प्रेमाने विचारतं, "रुपयांत पैसे भरायचे का?" आपल्याला रुपये ओळखीचे, आपण 'हो' दाबतो. पण तिथला भाव ते मशीनवाले ठरवतात, आणि तो महाग असतो. दुकान असो की एटीएम, नेहमी स्थानिक चलन निवडा.

थायलंडच्या एटीएमची परदेशी कार्डांना दर वेळी ठरावीक फी असते. ती २२० बाहत धरली तर २,००० काढताना ११ टक्के गेले, २०,००० काढताना १.१ टक्के. म्हणजे काढायचे तर एकदाच मोठी रक्कम काढा. आणि क्रेडिट कार्डाने रोख काढूच नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

गल्लीतला 'चांगला रेट'

"बिल नको ना? मग अजून स्वस्त देतो," असं सांगणारे भेटतात. तिथे सूत्र वापरूच नका. नोट खोटी निघाली तर दाद मागायला कागद नाही, आणि व्यवहार बेकायदा आहे तो वेगळाच. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्याकडूनच घ्या आणि पावती जपून ठेवा. बहुतेक देशांसाठी एका ट्रिपला ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात. ५०,००० रुपये किंवा त्यावरचं पेमेंट रोखीत चालत नाही, खात्यातून करा. परत आल्यावर २,००० डॉलरपर्यंत चलन जवळ ठेवता येतं, त्यावरचं १८० दिवसांत परत करायचं.

थोडक्यात

टॅक्सी, बाजार, रस्त्यावरचं खाणं यासाठी रोख. हॉटेल आणि मोठ्या खर्चासाठी कमी मार्कअपचं कार्ड. आणि एक जादा कार्ड वेगळ्या बॅगेत. निघायच्या आठवडाभर आधी सूत्र घालून तीन भाव काढा. तुमच्या शहरात आज किती भाव निघाला ते कमेंटमध्ये टाका, म्हणजे पुढच्याला घासाघीस करायला आकडा मिळेल. भेटू पुढच्या भागात!