मोल्सवर्थ : एका गावाच्या नावाची पायपीट

मराठीत ‘मोल्सवर्थ’ हे माणसाचं नाव राहिलेलंच नाही. ‘मोल्सवर्थमध्ये बघ’ किंवा ‘मोल्सवर्थ हा अर्थ देत नाही’ असं म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर येतो तो जाडजूड कोश. आमच्याकडे तो कपाटाच्या सगळ्यांत खालच्या फळीवर असे, कारण वरच्या फळ्यांना तो पेलवत नसे. लहानपणी माझी समजूत होती की, मोल्सवर्थ हा डिक्शनरीला असलेला जुना मराठी शब्द असावा. तो एक माणूस होता हे पुढे कळलं. हे आडनाव इंग्लंडातही क्वचितच भेटणारं आहे आणि त्याच्या मुळाशी एक चिमुकलं खेडं आहे, हे त्याहून उशिरा कळलं.

ते खेडं पूर्वीच्या हंटिंग्डनशायरमध्ये आणि आताच्या केंब्रिजशायरमध्ये आहे. विल्यम राजाने १०८६ साली जमीनमहसुलासाठी सगळ्या राज्याची मोजदाद करवली. त्या डूम्सडे दफ्तरात हे गाव ‘मोल्सवर्डे’ अशा धर्तीवर नोंदलेलं सापडतं. जुन्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घालून राखलेली वस्ती. आपल्या ‘वाडी’च्या जवळचाच हा शब्द. वाडी होती ‘मूल’ नावाच्या कुणा माणसाची. आपल्या ‘मूळ’शी या मूलचं नातं जोडण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. इंग्रजीतल्या खेचराच्या ‘म्यूल’शी मात्र त्याचं नातं असावं. दोन कुळांच्या संकरातून जन्मलेल्या माणसाला चिडवायचं हे टोपणनाव होतं, असं मानतात. टोपणनाव म्हणून ते हलकं समजायचं कारण नाही. सातव्या शतकात केंटच्या गादीवर मूल नावाचा एक राजा होता, आणि ६८७ मध्ये त्याच्याच प्रजेने त्याला जाळून मारलं. आपल्या वाडीचा मूल कोण होता, याची नोंद कुठेच नाही. त्याची वाडी राहिली आणि वाडीबरोबर त्याचं नाव.

गावावरून आडनाव कसं पडतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. जुन्नरात राहणाऱ्या माणसाला जुन्नरकर म्हणण्याचं कुणाला कारण पडत नाही. तो पुण्याला येऊन राहिला की मग जुन्नरकर होतो. आडनाव लागतं ते गाव सोडलेल्याला. इंग्लंडातही बाराव्या ते चौदाव्या शतकांदरम्यान हेच झालं. सुरुवातीला ‘मोल्सवर्थचा अमुक’ असं लिहीत, पुढे मधला प्रत्यय गळला आणि गावाचं नाव पोराबाळांना वारशाने मिळू लागलं. म्हणून अशा आडनावाचा नकाशा काढायला बसलं की एक गंमत दिसते. ज्या गावाचं नाव, तिथे त्या नावाची माणसं शोधण्यात फारसा अर्थ नसतो. ठिपके पडतात ते वाटेवर, जिथे कुणी पोचलं तिथे.

इंग्लंडात आडनावांचे असे नकाशे काढण्याचा नाद जुना आहे. हेन्री गपी नावाच्या गृहस्थाने १८९० मध्ये शेतकऱ्यांच्या आडनावांवरून कुठलं घराणं कुठल्या परगण्यातलं, हे दाखवणारं पुस्तक काढलं. शेतकरी आपली जमीन सहसा सोडत नाही, हे त्याचं गृहीतक. आजचे अभ्यासक १८८१ची खानेसुमारी पायाला धरतात. २०००च्या सुमारास ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावाच्या पुरुषांचे जनुकीय नमुने तपासले, तेव्हा जवळपास निम्म्यांचा पितृवंश एकच निघाला. साइक्स हे काही दुर्मिळ आडनाव नव्हे, तरी ही स्थिती. मोल्सवर्थसारख्या विरळ नावाच्या बाबतीत इतक्या लांब जावंच लागत नाही. नकाशावरचे ठळक ठिपके नावानिशी सांगता येतात, कारण त्यांतले बरेचसे दोन भावांपाशी येऊन थांबतात.

त्याआधी घराण्याचा मूळ पुरुष. सरदारांच्या वंशावळ्या सर वॉल्टर द मोल्सवर्थ याच्यापासून सुरू होतात. १२७० मध्ये राजपुत्र एडवर्डबरोबर तो धर्मयुद्धाला गेला, असं त्या सांगतात, आणि ढालीवरचे क्रूस पुराव्यादाखल दाखवतात. आपल्याकडचे कुलवृत्तांत वाचणाऱ्याला अशा मूळ पुरुषांची सवय असते. अर्ध्या घराण्यांत कुणीतरी शिवछत्रपतींच्या पदरी असतंच. वॉल्टरने पुढे बेडफर्ड आणि बकिंगहॅम परगण्यांचा शेरीफ म्हणून कारभार पाहिला, ही गोष्ट मात्र जास्त पक्की आहे. म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीस नाव गावाबाहेर पडलं होतं. पुढची अडीचशे वर्षं ते आजूबाजूच्या परगण्यांतच घुटमळलं.

सोळाव्या शतकात पांगापांग झाली. नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये स्थिरावलेल्या मोल्सवर्थांचे दोन मुलगे : अँथनी आणि जॉन. अँथनी फॉदरिंगेला राहत होता. स्कॉटलंडच्या मेरी राणीचा १५८७ मध्ये शिरच्छेद झाला, तेच हे फॉदरिंगे. एलिझाबेथ राणीचा पाहुणचार करता करता अँथनी कर्जात बुडाला आणि जमिनी विकून बसला, अशी कथा आहे. राजाचा पाहुणचार परवडत नाही, हे सगळीकडचंच. जॉन नोकरीनिमित्त थेट नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये गेला. तिथल्या सरकारी जहागिरीचे हिशेब पाहता पाहता त्याने पेनकॅरो इथे घर केलं आणि हेंडर घराण्यातली वारसदार मुलगी केली. सासुरवाडीचं ते हेंडर आडनाव पुढे नातवंडा-पतवंडांचं पाळण्यातलं नाव झालं.

यांतला एक हेंडर मोल्सवर्थ जमैकात जाऊन ऊसमळ्यांचा मालक झाला, आफ्रिकेतून गुलाम आणणाऱ्या कंपनीचा तिथला अडत्या झाला आणि १६८४ ते १६८७ त्या बेटाचा गव्हर्नरही झाला. घराण्याची बॅरोनेटची पदवी १६८९ मध्ये आली ती याच्यासाठी. कुलवृत्तांतात पदवी ठळक अक्षरांत असते, अडत बारीक अक्षरांत. याच घरातला आठवा बॅरोनेट सर विल्यम (१८१०–१८५५) मला खरा वाटतो. खासदार होता, जहाल मतांचा होता, तत्त्वज्ञ हॉब्जच्या समग्र ग्रंथांचं संपादन त्याने पदरमोड करून केलं. कैद्यांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्याच्या प्रथेची १८३७-३८ मध्ये चौकशी झाली, त्या संसदीय समितीचा तो अध्यक्ष होता. ही प्रथा म्हणजे गुलामीच, असा त्या चौकशीचा एकंदर सूर होता. गुलामांच्या अडत्याच्या घराण्यातून हे निघालं.

पेनकॅरोच्या बागेत त्याने दक्षिण अमेरिकेतलं एक काटेरी झाड आणून लावलं. ते पाहून एक वकील पाहुणे म्हणाले की यावर चढताना माकडसुद्धा कोड्यात पडेल. तेव्हापासून त्या झाडाचं इंग्रजी नाव ‘मंकी पझल’. या शाखेचं नाव आता मोल्सवर्थ-सेंट ऑबिन असं जोडनाव होऊन बसलं आहे. जवळच्या वेडब्रिज गावातला मुख्य रस्ता मात्र अजून मोल्सवर्थ स्ट्रीटच आहे.

आता कर्जबाजारी अँथनीची शाखा. तिच्यातला एक रॉबर्ट क्रॉमवेलच्या काळात आयर्लंडला गेला, डब्लिनमध्ये व्यापार करू लागला आणि त्या धामधुमीत हाती लागलेल्या जमिनींवर श्रीमंत झाला. तो वारल्यावर १६५६ मध्ये जन्मलेला मुलगाही रॉबर्टच. हा डेन्मार्कच्या दरबारी वकील म्हणून गेला, तिथल्या एकतंत्री राजवटीवर १६९४ मध्ये झोंबरं पुस्तक लिहून डेन्मार्कचा रोष ओढवून घेतला आणि १७१६ मध्ये पहिला व्हायकाउंट मोल्सवर्थ झाला. जोनाथन स्विफ्टने आयर्लंडच्या नाण्यांवरून जी गाजलेली पत्रं लिहिली, त्यांतलं एक त्याला उद्देशून आहे. त्याचा मुलगा रिचर्ड याने १७०६ मध्ये रामियीच्या लढाईत स्वतःचा घोडा देऊन सेनापती मार्लबरोच्या ड्यूकचा जीव वाचवला. तो पुढे फील्ड मार्शल झाला.

डब्लिनमधल्या या घराण्याच्या जमिनीवर अठराव्या शतकात मोल्सवर्थ स्ट्रीट आखला गेला. त्याचं एक टोक लिन्स्टर हाउससमोर येतं, आणि आयर्लंडची संसद आज तिथेच भरते. तिकडे न्यूझीलंडची वसाहत उभारणाऱ्या कंपनीशी सर विल्यमचा जवळचा संबंध होता. वेलिंग्टनमधल्या एका रस्त्याला त्याचंच नाव दिलं गेलं. न्यूझीलंडची संसद त्या मोल्सवर्थ स्ट्रीटवर आहे. तीनशे वर्षं एकमेकींपासून दूर राहिलेल्या दोन शाखा पृथ्वीच्या दोन टोकांना संसदेच्या दारात उभ्या राहाव्यात, हा निव्वळ योगायोग. पण नकाशा काढणाऱ्याला असले योगायोग आवडतात. त्याच देशाच्या दक्षिण बेटावर मोल्सवर्थ स्टेशन नावाचं गुराढोरांचं कुरण आहे, सुमारे १ लाख ८० हजार हेक्टरांचं. न्यूझीलंडात त्याहून मोठं शेत नाही. मूलची वाडी त्यात किती वेळा मावेल, कुणी मोजावं!

लँकेशायरमधला ठिपका आयरिश शाखेचाच. पहिल्या व्हायकाउंटचा पणतू जॉन एडवर्ड नसाऊ मोल्सवर्थ १८४० मध्ये रॉचडेलचा मुख्य पाद्री म्हणून आला. रॉचडेल ही बटरवर्थांची भूमी. ‘वर्थ’वाल्यांतलं हे भरघोस आडनाव त्याच परिसरातल्या बटरवर्थ नावाच्या वस्तीवरून निघालं. तिथे हा उपरा मोल्सवर्थ आला आणि चर्चच्या करपट्टीवरून तिथले पुढारी जॉन ब्राइट यांच्याशी भांडत बसला. त्याच्या थोरल्या मुलाने, विल्यम नसाऊने, मात्र कामगारांची बाजू घेतली. रॉचडेलमध्ये १८४४ साली सुरू झालेल्या सहकारी दुकानाचा तो खंदा पाठीराखा होता. महाराष्ट्रात सहकाराचं एवढं पीक आलं, त्याच्या मुळाशी नेहमी रॉचडेलचं नाव घेतलं जातं. मोल्सवर्थांचं कुणी घेत नाही.

याच पाद्र्याचा दुसरा मुलगा गिलफर्ड आगगाडीचा इंजिनियर झाला. त्याने सिंहलद्वीपात लोहमार्ग बांधले, आणि मग १८७१ ते १८८९ हिंदुस्थान सरकारच्या रेल्वेचा सल्लागार राहिला. सूत्रांचं त्याचं खिशात मावणारं पुस्तक इतकं चाललं की इंजिनियर मंडळीही ‘मोल्सवर्थमध्ये बघ’ म्हणू लागली. म्हणजे एकाच काळात, एकाच देशात, दोन धंद्यांच्या माणसांचे दोन मोल्सवर्थ : एक शब्दांचा, एक लोखंडाचा.

हे नाव लग्नाने आलेल्या एका बाईनेही ते घरोघर पोचवलं. मिसेस मोल्सवर्थ एवढ्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लेखिकेचं ‘द ककू क्लॉक’ १८७७ मध्ये निघालं आणि इंग्रजी बालसाहित्यात टिकलं. पण आज इंग्लंडात मोल्सवर्थ म्हटलं की बहुतेकांना आठवतो एक शाळकरी उनाड पोर. जेफ्री विलन्स यांनी लिहिलेला आणि रोनाल्ड सर्लने चितारलेला नायजेल मोल्सवर्थ १९५३ मध्ये पुस्तकात आला. शुद्धलेखनाचा एकही नियम न पाळणं हीच त्याची ख्याती. शब्दकोश रचणारा आणि शब्दांची वाट लावणारा असे दोघेही मोल्सवर्थ निघावेत, हे त्या आडनावाचं नशीब.

मूळ गावाचं काय झालं? ते विसाव्या शतकात दोनदा जगाच्या तोंडी आलं, दोन्ही वेळा विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धात गावाजवळच्या धावपट्टीवरून अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जर्मनीवर उडत. १९८०मध्ये तिथे अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं. शांततावाद्यांनी छावणी टाकली, गहू पेरला. फेब्रुवारी १९८५ मधल्या एका थंड रात्री सुमारे दीड हजार सैनिकांनी येऊन ती छावणी उठवली. संरक्षणमंत्री मायकेल हेसेलटाइन लष्करी जाकीट चढवून जातीने हजर होते. कित्येक शतकांपूर्वी कुणा मूलने घातलेल्या कुंपणाजागी काटेरी तारांचं मैलोन्‌मैल कुंपण उभं राहिलं.

आणि आपला मोल्सवर्थ. जेम्स थॉमस, जन्म १७९५. सोळा-सतरा वर्षांचा असताना, १८१२ मध्ये, कंपनीच्या पलटणीत दाखल झाला. पेशवाई बुडाली त्या वर्षी, १८१८ मध्ये, सोलापुरात त्याने शब्द टिपायला सुरुवात केली. कँडी हा त्याचा लष्करातला सहकारी नंतर जोडीला आला. पुढे मुंबई सरकारने काम अंगावर घेतलं, पंडित नेमून दिले, आणि १८३१ मध्ये कोश छापून झाला. त्याच सुमाराला धर्मविचार करता करता त्याला शस्त्र धरणं पाप वाटू लागलं. त्याने लष्करी हुद्दा सोडला आणि निवृत्तिवेतनही नाकारलं. इंग्लंडला परत गेलेला हा माणूस दुसऱ्या आवृत्तीसाठी पुन्हा आला, आणि १८५७ मध्ये, उत्तर हिंदुस्थान पेटलेला असताना, सुमारे साठ हजार शब्दांची ती आवृत्ती मुंबईत निघाली. लोक त्याला मोलेसर शास्त्री म्हणत. गावाच्या नावाची एवढी पायपीट झाली, पण तिचा इतका सुंदर अपभ्रंश मराठीखेरीज कुणी केला नसावा. मोल्सवर्थ १८७१ मध्ये ब्रिस्टलजवळ क्लिफ्टनला वारला.

कोश १९७५ मध्ये पुण्याच्या शुभदा-सारस्वतने पुन्हा छापला, ना. गो. कालेलकरांच्या प्रस्तावनेसह. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो आता फुकट चाळता येतो. सुरुवात करायचीच तर ‘आडनांव’ शब्दापासून करा. मोलेसर शास्त्र्यांच्या काळचं शुद्धलेखन आहे, ‘नां’वरचा अनुस्वार विसरू नका.